मास्तरांची तळटीप

शुक्रवारी सकाळी माईंनी तिसऱ्यांदा चष्मा पुसला आणि नववं पान पुन्हा एकदा पालथं घालून ठेवलं. आठ पानं टाईप झाली होती. नववं काही होत नव्हतं. बोटं म्हणाल तर ठणठणीत होती, घोडं दुसरीकडेच पेंड खात होतं.

डोळ्यांच्या मधोमध डाग पडल्यापासून आप्पांना कडेकडेचंच दिसायचं. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसत, नाक दिसत नसे. म्हणून ते मोठाल्या कागदांवर जाड काळ्या मार्करने लिहीत, एका पानावर सात-आठ ओळी, आणि लिहिलेलं त्यांना स्वतःला परत वाचता येत नसे. माईंनी ते संगणकावर उतरवायचं, शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचायचं आणि दुपारी चारच्या आत संपादकांकडे पाठवायचं. चौतीस वर्षांत एक शुक्रवार चुकला नव्हता. सासूबाई गेल्या त्या आठवड्यातसुद्धा सदर गेलं होतं. आणि आजचं शेवटचं होतं. तसं आप्पांनीच जाहीर केलं होतं, गेल्या महिन्यात, चहात बिस्कीट बुडवता बुडवता.

"झालं का गं?" आतल्या खोलीतून आप्पांचा आवाज आला.

"होतंय."

"नववं लागलं?"

"लागेल हो. पळून जातंय का ते?"

 सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोचं कुठलं 'होतंय' खरं आणि कुठलं खोटं एवढं आप्पांना डोळ्यांशिवायही कळत होतं.

नवव्या पानावर साधारण काय आहे हे घरात आता सगळ्यांनाच ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या मास्तरांना, आणि तेच आज जेवायला यायचे होते.

छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. विद्यापीठातून उचलून सरकारने आप्पांना आर्थिक सल्लागार केलं त्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. दाराशी गाडी, हाताखाली सहा माणसं आणि भाषा अशी की ऐकणाऱ्याने मान डोलवावी नि घरी जाऊन डोकं खाजवावं. कुठले लहान रेल्वेमार्ग बंद करायचे हे ठरवायला सरकारने एक आठवडा नेमला. त्या सात दिवसांत प्रत्येक स्टेशनवर माणसं मोजायची आणि आप्पांनी अहवाल लिहायचा. यादीत आप्पांच्या स्वतःच्या गावचाही मार्ग होता. तीन डब्यांची गाडी, दिवसाला दोन फेऱ्या. आणि तिथे स्टेशनमास्तर कोण, तर आप्पांचे सख्खे थोरले भाऊ.

आता नशीब म्हणा की काय म्हणा, नेमक्या त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचं, चिमणीचं, लग्न निघालं. लग्न शहरात. गावकऱ्यांसाठी तीन बस ठरवल्या कोणी? आप्पांनीच. अर्धं गाव बसमध्ये बसून गेलं आणि चार दिवस शहर बघत राहिलं. उरलेल्यांना जायचं होतं कुठे? गाडी रिकामीच धावली. मास्तर मात्र लग्न लागलं आणि जेवणाआधीच परत फिरले, कारण मोजणी होती. अकरा, नऊ, चौदा, सात. डोळ्यांना दिसलं ते त्यांनी लिहिलं, आणि तक्त्याखाली एक तळटीप जोडली की या आठवड्यात गाव लग्नाला गेलंय.

ती तळटीप आप्पांनी पेन्सिलीने खोडली. लग्न घरचं, स्टेशनमास्तर घरचा आणि सल्लागारही घरचाच. लोक म्हणतील, भावाची गाडी वाचवली! प्रामाणिकपणाचा असा झटका यायला माणूस याच घराण्यात जन्मावा लागतो. दुसरा कोणी असता तर त्याने ती ओळ तशीच राहू दिली असती, आणि गाडीही राहिली असती.

माईंना हे नुसतं ऐकून माहीत नव्हतं. अहवाल त्यांनीच टाईप केला होता. दुपारची वेळ, खिडकीशी टाईपरायटर, ओट्यावर दूध तापत ठेवलेलं. पेन्सिलीची रेघ बघून त्यांनी विचारलं होतं, "ही ओळ?" आणि आप्पा म्हणाले होते, "घालता येत नाही. घरचं आहे." माईंनी कागद पुढे सरकवला. दूध उतू गेलं ते मात्र अजून आठवत होतं.

मार्ग बंद झाला. मास्तरांची बदली मालधक्क्यावर झाली, पोत्यांच्या पावत्या फाडायला. गावातली शाळा गेली, मग डाकघर गेलं. पाववाला मास्तरांना बघून मान फिरवायला लागला. "तुमच्याच हाताने मोजणी झाली ना मास्तर? दोन ओळी लिहायला काय झालं होतं?" मास्तर काय सांगणार? लिहिली होती असं त्यांना वाटत होतं, पण छापील अहवालात तर नव्हती. पुढल्या वर्षी ते या घरी आले तेव्हा त्यांनी माईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "माई, टाईप तूच केलंस ना? माझी टीप होती का गं त्यात?"

आणि माई म्हणाल्या होत्या, "आठवत नाही हो, भाऊजी."

"मग मीच विसरलो असेन," मास्तर म्हणाले होते. "लग्नाची गडबड."

त्या दिवसापासून ज्या माणसाला चाळीस गाड्यांचं वेळापत्रक तोंडपाठ होतं तो खिशात चिठ्ठ्या ठेवायला लागला. 'छत्री घेणे.' 'दार लावले.' 'माईला पत्र टाकले.' घरातली मुलं हसायची. माईही हसायच्या. त्यांच्याएवढं वाईट कोणी हसलं नसेल.

नवव्या पानावर आप्पांनी सगळा दोष स्वतःवर घेतला होता. माईंचं नावसुद्धा नव्हतं.

*

चिमणी आली ती स्वयंपाकघराच्या दारातून, आणि बोलतच आली.

"वहिनी, आधी मला सांग, ते छापायचंय म्हणजे छापायचंयच का?"

तिला चिमणी कोण म्हणेल आता! साठी झाली, अंग भरलं, औषधांचं दुकान एकटीने चालवते. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून नजर अशी झालीय की समोरच्याच्या पोटातलं दुखणं बाहेरूनच ओळखते. पण माहेरी चिमणी ती चिमणीच.

"बस आधी. पाणी घे."

"पाणी नको. आप्पा फोनवर म्हणाला, तुझ्या लग्नाचा उल्लेख आहे. अगं, उल्लेख? माझ्या लग्नामुळे गाडी बंद पडली, गाव बुडालं, असंच वाचणार ना लोक? दुकानात येऊन सांगतील, खोकल्याचं औषध द्या, आणि हो, तुमच्याच लग्नात ना ते..."

"तसं नाही लिहिलेलं."

"कसंही लिही." चिमणी एकदम खाली बसली. तिचा आवाज खाली आला. "वहिनी, ते जाऊन दोन वर्षं झाली. माझ्याजवळ त्यांचं उरलंय काय? एक तो दिवस. तेवढा तरी माझा राहू दे ना. त्याला असा डाग नको."

माईंनी बटाटे सोलायचं थांबवून तिच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला पाणी होतं, ते चिमणीच्या साडीला लागलं, पण दोघींचंही तिकडे लक्ष नव्हतं.

"आणि खरं सांगू?" चिमणी म्हणाली. "मला दादाचा राग आहे. छत्तीस वर्षं आहे. मी निघाले तेव्हा सगळे दारात उभे होते. हा नव्हता. गाडीतली माणसं मोजायला गेला होता! सातच माणसं होती म्हणे. सात माणसं त्याला बहिणीपेक्षा जास्त."

एवढ्यात चिरंजीव आले. पंचेचाळिशीचा, वाहतूक खात्यातला बऱ्यापैकी वरचा अधिकारी. कपाळावर आठी घेऊनच जन्मला असावा. आल्या आल्या त्याने आतल्या खोलीचं दार हळूच लोटून घेतलं, म्हणजे आप्पांना ऐकू जाऊ नये. माईंनी ओळखलं, हाही त्याचसाठी आलाय.

"आत्या, तू आलीस ते बरं झालं," तो म्हणाला. "आई, सोमवारी माझी बैठक आहे. आमच्या यादीवर. बारा मार्ग."

"बंद करायचे?"

"पुनर्विचार करायचा."

"म्हणजे बंद करायचे," चिमणी म्हणाली. "आम्ही दुकानात 'औषध संपलंय' म्हणतो, तुम्ही 'पुनर्विचार' म्हणता."

"आत्या, प्लीज. मोजणीचा अहवाल माझ्या सहीने गेलाय. त्यातही एकच आठवडा आहे. रविवारी बाबांचं सदर येणार, 'एका आठवड्याच्या मोजणीवर विश्वास ठेवू नका, मी ठेवला आणि गाव घालवलं', आणि सोमवारी मी सगळ्यांसमोर उभा. लोक काय म्हणतील? बापानेच मुलाचे कान उपटले."

"मग उपटायला नकोत का?" चिमणी बोलून गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण दोघं आज एकाच बाजूला आहोत.  भात्यात बाण राहिला की तिला त्रास होतो, पण राहिली गप्प.

चिरंजीव माईंजवळ येऊन उभा राहिला. लहानपणी शाळेतून चिठ्ठी आली की असाच ओट्याला टेकून उभा राहायचा.

"आई, टाईप तू करतेस. वाचतेस तूच. पाठवतेसही तूच." तो थांबला. "बाबांना दिसतंय कुठे? नववं पान गाळलं तर लेख छान उभा राहतो. मी आठ पानं वाचलीयत. निरोपाचा लेख आहे, वाचक डोळे पुसतील. कोणाला कळणार आहे?"

माईंच्या हातातला बटाटा तसाच राहिला. छत्तीस वर्षांपूर्वीचा तोच कागद, तीच रेघ. पोराला काय ठाऊक, तो आईला कुठल्या खिडकीशी नेऊन बसवतोय! त्याच्यावर रागावायचं तरी कसं? सोपी गोष्ट सुचली, ती सोपेपणाने बोलला. आणि सोपी होतीच. आणखी एक होतं: पान गाळलं तर 'आठवत नाही हो, भाऊजी' हेही कायमचं गाडलं जाणार होतं. अळीमिळी गुपचिळी. मास्तर ऐंशीचे झाले. किती दिवस आता?

"बघते," माई म्हणाल्या.

चिरंजीवाने सुस्कारा सोडला. आईचं 'बघते' म्हणजे 'हो' असं त्याला लहानपणापासून वाटत आलं होतं.

*

मास्तर साडेबाराला आले. बस पाच मिनिटं उशिरा आली, हे त्यांनी दारातच सांगितलं आणि बसच्या वतीने माफी मागितली. काळा कोट, खांदे अजून ताठ. खिशातून चिठ्ठी काढून वाचली, "सफरचंदं, माईला," आणि पिशवी पुढे केली.

आप्पा भिंतीला हात लावत लावत बाहेर आले होते.

"दादा?"

"मीच. नाक दिसतंय का रे माझं?"

"कान दिसतायत. तेच आहेत."

"बघ बाबा, नीट बघ. सल्लागाराने खात्री करून घ्यावी. चार वेळा बघ."

सगळे हसले. आप्पांचं हे 'चार वेळा' म्हणजे घरातला जुना विनोद. सरकारी नोकरी सोडल्यापासून आप्पा कुठलीही गोष्ट चारदा बघितल्याशिवाय तिच्यावर लिहीत नसत. पावाच्या रांगेवर लिहायचं तर चार ऋतूंत चार सकाळी रांगेत जाऊन उभे राहत, खिशात वही घेऊन. बूट घ्यायचे तरी दुकानाच्या चार फेऱ्या. वाचकांना तेच आवडायचं. हा माणूस कचेरीत बसून लिहीत नाही, म्हणायचे. नोकरी का सोडली, तर मंत्र्यांशी वाजलं, असंच सगळ्या नातेवाइकांत ठरून गेलं होतं. आप्पांनीही कधी नाही म्हटलं नाही. चार फेऱ्या कुठल्या एका फेरीचं प्रायश्चित्त होत्या, ते एकट्या माईंना माहीत होतं.

मास्तरांनी भावाचा दंड धरून त्याला खुर्चीत बसवलं आणि मग स्वतः बसले. पोरपणी शाळेत नेताना धरायचे तसाच, कोपराच्या वर. माईंनी ते पाहिलं आणि लगेच वाढायला वळल्या.

जेवण झालं. वाजले अडीच. ताटं उचलली, पण चमचे ठेवले. चमच्यांचाही एक नियम होता. पहिलं सदर आप्पांनी आपल्या आईला वाचून दाखवलं होतं, तेव्हा दुसऱ्याच वाक्याला म्हातारीने चमचा पेल्यावर आपटला. "काही कळलं नाही. पुन्हा सांग." आप्पांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा चमचा. त्या दिवशी एका पानाला दोन तास लागले आणि सल्लागाराचा पत्रकार झाला. तेव्हापासून नियम: ज्याला वाक्य कळलं नाही त्याने पेल्यावर चमचा वाजवायचा, एकदा. ते वाक्य बदलायचं.

माई कागद घेऊन बसल्या. छापलेले आठ, आणि खाली मार्करचं नववं. चिरंजीवाने ते खालचं पान पाहिलं आणि आईकडे पाहिलं. माईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

पहिली आठ पानं सुरेख गेली. आप्पांनी चौतीस वर्षांची गंमत लिहिली होती: पावाच्या रांगेत त्यांना चोर समजून पकडलं ते, एका मंत्र्याने सदर वाचून पाठवलेली फुलं आणि पुढच्याच आठवड्यात फुलं परत मागितली ते. चिमणी दोनदा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. चमचा एकदाच वाजला, 'तूट' या शब्दावर, आणि वाजवला चिमणीने. "खड्डा म्हण की सरळ!" आप्पांनी खड्डा केला.

आठवं पान संपलं. माई थांबल्या. तिथे थांबलं असतं तरी चाललं असतं. शेवटचं वाक्य शेवटासारखंच होतं. आप्पा मान किंचित वाकडी करून बसले होते, डोळ्याच्या कडेने बायकोला बघत.  छत्तीस वर्षांपूर्वीही त्यांनी तिला विचारलं नव्हतं, आणि आजही ते तिच्यावरच सोडून बसले होते.

माईंनी नववं पान वर घेतलं.

"'आता एक चूक,'" त्यांनी वाचलं. "'मी सल्लागार असताना माझ्या गावची गाडी बंद करण्याची शिफारस केली. मोजणीच्या आठवड्यात माझ्या बहिणीचं लग्न होतं आणि गाव लग्नाला गेलं होतं. तिचं लग्न फार आनंदाचं झालं. त्या आनंदात काही खोट नव्हती. खोट माझ्यात होती. तिथल्या स्टेशनमास्तरांनी तक्त्याखाली तळटीप लिहून हे कळवलं होतं. ती टीप मी खोडली.'"

टण.

चमचा मास्तरांनी वाजवला होता. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते पेल्याकडे बघत होते.

"कळलं नाही," मास्तर म्हणाले. "पुन्हा वाच."

माईंनी पुन्हा वाचलं. "'तिथल्या स्टेशनमास्तरांनी तक्त्याखाली तळटीप लिहून हे कळवलं होतं...'"

टण.

"पुन्हा."

"दादा," आप्पा म्हणाले, "वाक्य बदलू का?"

"बदलू नकोस." मास्तरांनी चमचा तसाच पेल्याला टेकवून धरला होता. "कळलंय मला. पण पुन्हा वाच माई. तेवढंच. लिहून कळवलं होतं, तेवढंच."

माईंनी तिसऱ्यांदा वाचलं. आवाज फुटला तरी वाचलं. मग कागद खाली ठेवला, दोन्ही हात त्याच्यावर ठेवले आणि कागदात नव्हतं ते सांगितलं.

"भाऊजी, टाईप मी केलं होतं. रेघ मी पाहिली होती. तुम्ही मला विचारलंत, बाजूला घेऊन, आणि मी म्हणाले आठवत नाही. मला आठवत होतं. शब्दन् शब्द आठवत होता. यांना तोंडघशी पाडायचं नाही म्हणून मी तुम्हाला खोटं पाडलं. यांनी माझं नाव लिहिलेलं नाही. ते राहू द्यायचं होतं, पण माझ्याच्याने राहवत नाही."

"अगं..." आप्पा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. तुमचं लिहून झालंय."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणी कोणाला काय म्हणायचं?  चिरंजीव टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत होता. त्याची आठी कुठे गेली होती कोण जाणे.

मास्तरांनी कोटाच्या खिशात हात घातला. चिठ्ठ्या बाहेर काढल्या, सात-आठ असतील, एकेक उघडून बघितली आणि टेबलावर एकावर एक ठेवली.

"मला वाटायचं डोकं गेलं माझं," ते म्हणाले. "ती गेली तेव्हासुद्धा, तुमची मोठी वहिनी, मी तिला विचारत होतो, अगं मी लिहिली होती ना? ती म्हणायची, तुम्ही म्हणता तर लिहिली असणार. पण तिलाही खात्री नव्हती." मग ते माईंकडे वळले. "पंचेचाळिसाव्या वर्षापासून म्हातारा झालो मी, माई. तुझ्या एका वाक्यावर."

"हो," माई म्हणाल्या. रडत होत्या, पण मान खाली घातली नाही.

"राग येतोय मला."

"येऊ द्या."

"येतोय, पण..." मास्तरांनी तोंडावरून हात फिरवला. "पण लिहिली होती ना मी! अरे, लिहिली होती!" आणि ऐंशी वर्षांचा माणूस असा हसला की समोरच्या सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आप्पांनी चाचपत हात पुढे केला. तो आधी पेल्याला लागला, मग सफरचंदांना, मग मास्तरांना सापडला.

"दादा, माफ कर रे."

"माफ काय करायचं ते बघू सावकाश. चार वेळा विचार करून सांगेन." पण हात सोडला नाही.

चिमणी इतका वेळ गप्प होती, हेच नवल. ती उठली आणि मास्तरांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"म्हणजे तू माझं लग्न सोडून गेलास," ती म्हणाली, "ते माझंच लग्न आहे म्हणून लिहायला?"

"मग? दुसऱ्या कोणावर सोपवून कसं चालेल? हे लिहिलं नसतं तर सरकार म्हणालं असतं, गाडीला माणसंच नाहीत. तुझ्या लग्नाला गेलीयत, असं लिहायला नको का कोणी?"

"मूर्ख आहेस," चिमणी म्हणाली, आणि भावाच्या पांढऱ्या डोक्यावर गाल टेकला. "छापा काय छापायचंय ते. पण 'फार आनंदाचं झालं' हे वाक्य काढलंत तर बघा."

चिरंजीव खाकरला. "काका, एक विचारू? मोजणी... किती आठवड्यांची करावी? तुमच्या मते?"

"आठवडे कसले मोजतोस? प्रत्येक स्टेशनमास्तरला तक्त्याखाली चार ओळी लिहायला जागा दे. आणि आलेलं वाच म्हणजे झालं."

चिरंजीवाने मान हलवली. खिशातून पेन काढलं, कागद सापडेना, तेव्हा मास्तरांनीच एक जुनी चिठ्ठी उलटी करून त्याच्यापुढे सरकवली.

सव्वातीन झाले होते. माईंनी संगणक टेबलावर आणला आणि नववं पान टाईप करायला घेतलं, सगळ्यांसमोर. बोटं आता भराभर चालत होती. 'ती टीप मी खोडली' याच्या पुढे त्यांनी स्वतःचं एक वाक्य घातलं, 'टाईप माझ्या पत्नीने केलं आणि तीही गप्प राहिली', आणि आप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. आप्पांनी काही वेळ विचार केला आणि मान डोलावली.

"आता तळाशी टीप घालते," माई म्हणाल्या. "मूळची. छत्तीस वर्षं उशिरा का होईना, जागेवर जाऊ दे. मला पाठ आहे." त्या टाईप करत करत म्हणू लागल्या. "'या आठवड्यात गावातल्या मुलीचे लग्न परगावी असल्याने तीन बस भरून माणसे गेली आहेत. एरवीची संख्या याच्या सहापट असते. सदर मुलगी...'"

"पाचपट," मास्तर म्हणाले.

माईंची बोटं थांबली. "सहा ना, भाऊजी?"

"पाच. सहा मनात आलं होतं, पण सहा म्हणजे वाढवून सांगितल्यासारखं झालं असतं. म्हणून पाच लिहिलं." त्यांनी डोळे मिटले होते. "'एरवीची संख्या याच्या पाचपट असते. सदर मुलगी माझी धाकटी बहीण आहे, हेही नोंदवतो. स्टेशनमास्तर.'"

 माईंनी आप्पांकडे पाहिलं.

"पाचच होतं, दादा," आप्पा म्हणाले.

माईंनी सहा पुसून पाच केलं. टेबलावरच्या चिठ्ठ्या मास्तरांनी गोळा केल्या, बघितल्याही नाहीत, आणि चिमणीने मधेच सोललेल्या सफरचंदांच्या सालींबरोबर ताटलीत टाकल्या. चारला दहा कमी होते. गावच्या स्टेशनवर रुळाचा एक तुकडा टांगलेला असे. गाडी सोडायची झाली की मास्तर त्याच्यावर दोन टोले देत. एक टोला म्हणजे कळलं नाही, हा नियम फक्त या टेबलावरचा होता.

मास्तरांनी चमचा उचलला आणि पेल्यावर वाजवला. टण, टण.

"सोड," ते माईंना म्हणाले.